काढून ठेवलेली चांदी

गेल्या वर्षी कार्तिकात नातवाचे उष्टावण ठरले आणि माळ्यावरचा पत्र्याचा डबा खाली काढावा लागला. बेंगळूरच्या बसवनगुडी भागात आमचे घर आहे. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी जवळच्या नंदीच्या देवळाभोवती भुईमुगाच्या शेंगांची जत्रा भरते. तिला इथे ‘कडलेकाई परिशे’ म्हणतात. बाहेर रस्त्याच्या दोन्ही कडांना शेंगांचे ढीग ओतले जात होते आणि आत, स्वयंपाकघराच्या जमिनीवर बसून, मी डब्यातल्या पुड्या एकेक करून सोडवीत होते. लेकीची लहानपणाची वाटी आणि चमचा, तिच्या वाळ्यांचा जोड, माझा करदोटा, आईच्या लग्नातली अत्तरदाणी. सगळे चांदीचे, आणि सगळे काळे.

आई जवळच खुर्चीवर बसली होती. तिने ऐंशी ओलांडली आहे. गुडघे साथ देत नाहीत, म्हणून ती जमिनीवर बसत नाही. पण देवघरातली उपकरणी अजून तीच घासते, तिच्यासमोर पाट ठेवून त्यावर तबक ठेवावे लागते इतकेच. काळ्या वाटीकडे पाहून तिने देवघराकडे बोट दाखवले. तिथले निरांजन, कुंकवाचा करंडा, पळी, सारे लखलखत होते. “त्याला मी कधी पॉलिश लावलंय का, बघ की,” ती म्हणाली. “रोज हाताखालून जातं. तुझं डब्यात बसलं.”

वर्षानुवर्षे डोळ्यांसमोर असलेली ही गोष्ट मला तेव्हा प्रथमच जाणवली. वापरल्याने वस्तू जुनी होते, झिजते, मळते, आणि जपून ठेवल्याने ती नवी राहते, असे आपण गृहीत धरतो. चांदीच्या बाबतीत हे उलटे आहे. रोजच्या वापरातली चांदी, अंगावरची चांदी, त्वचेच्या आणि कापडाच्या घर्षणाने सदैव पुसली जात असते. तिच्यावर काळेपणाला थर धरायला सवड मिळत नाही. काढून ठेवलेली चांदी काळी पडते.

माझ्या लहानपणी आमच्याकडे वर्षातून दोनदा चांदी उजळली जाई. एकदा गौरी-गणपतीपूर्वी आणि एकदा दिवाळीपूर्वी. परसात मोठे घमेले मांडले जाई. त्यात रिठे रात्रभर भिजत घातलेले असत. सकाळी ते कुस्करून फेस काढला जाई. त्या पाण्यात दागिने बुडवून ठेवले की तेलाचा, घामाचा, हळदी-कुंकवाचा थर सुटत असे. मग वस्त्रगाळ केलेली पांढरी रांगोळी मऊ सुती चिंधीवर घेऊन आई एकेक दागिना पुसू लागे. शेजारच्या कन्नड घरात रांगोळीऐवजी विभूती वापरीत. ती अधिक मऊ, म्हणून बारीक नक्षीच्या वस्तूंसाठी आई त्यांच्याकडून चिमूटभर मागून आणी. कुणी चिंच सुचवली की ती म्हणे, “चिंच तांब्या-पितळेला.” नारळाच्या शेंडीने घासायला मात्र तिची सक्त मनाई होती. “भांडी घासतात. चांदीला समजवायचं असतं,” हे तिचे वाक्य मी दर दिवाळीला ऐकत आले.

पुढे मी रसायनशास्त्र शिकले आणि अनेक वर्षे याच शहरातल्या एका महाविद्यालयात शिकवले. तेव्हा आईच्या त्या वाक्याचा अर्थ मला समीकरणात मांडता येऊ लागला. लोखंडाला गंज चढतो तो हवेतल्या प्राणवायूमुळे आणि ओलाव्यामुळे. साध्या हवेतला प्राणवायू चांदीचे काही बिघडवीत नाही. तिचे वैर, किंवा तिची ओढ म्हणा, गंधकाशी आहे. हवेत हायड्रोजन सल्फाइड हा वायू अत्यल्प प्रमाणात असतो. सडणाऱ्या पदार्थांतून, गटारांतून तो येतो. त्यातला गंधक चांदीच्या पृष्ठभागाला येऊन मिळतो आणि सिल्व्हर सल्फाइड तयार होते. थर पातळ असतो तेव्हा तो कोऱ्या चहासारखा पिवळसर दिसतो. मग तांबूस, मग निळसर जांभळा, आणि पुरेसा जाड झाला की काळा. लोकर, अंडे, कांदा, रबर, या साऱ्यांत गंधक असतो. म्हणून चांदी लोकरीत गुंडाळू नये, अंड्याला चांदीचा चमचा लावू नये.

पण विद्यार्थ्यांना मी जे नेहमी ठासून सांगत असे ते निराळेच. हा काळा थर म्हणजे चांदीवर बसलेली धूळ नव्हे. त्या काळ्यात चांदीच आहे, गंधकाने धरून ठेवलेली. आपण तो थर घासून काढतो तेव्हा ती धरलेली चांदीही चिंधीबरोबर जाते. दर उजळणीला दागिना किंचित हलका होतो, नक्षीच्या कडा किंचित बोथट होतात. जुन्या घराण्यांतल्या ताटांवरची कोरलेली नावे पुसट झालेली दिसतात, त्याला काळाइतकीच घरातल्या बायकांची स्वच्छताही कारण असते. दागिन्यांच्या दुकानात ज्याला ‘ऑक्सिडाइज्ड’ म्हणतात तो काळेपणाही बहुधा गंधकाचाच असतो; ऑक्सिजनचे नाव त्याला उगीच चिकटले आहे. कारागीर तो मुद्दाम आणतो आणि उंचवट्यांवरून पुसून खोलगट भागात राहू देतो, म्हणजे नक्षी उठून दिसते. तो काढला की दागिना स्वच्छ होतो आणि त्याचबरोबर मुका होतो.

माझी लेक बेल्लंदूरच्या बाजूला एका उंच इमारतीत राहते. आपल्या चांदीचे काय होते हे तिने मला प्रथम सांगितले तेव्हा माझा विश्वास बसेना. लग्नात मी दिलेले निरांजन बसवनगुडीत असते तर महिनोन्‌महिने उजळ राहिले असते. तिच्याकडे ते महिन्याभरात पिवळे आणि पुढच्या महिन्यात काळसर होई. मग एकदा संध्याकाळी तिच्या गच्चीत उभी होते आणि तळ्यावरून वारा आला. त्या वासाने मी एकदम प्रयोगशाळेत गेले. बेल्लंदूरच्या तळ्यात शहराचे सांडपाणी वर्षानुवर्षे येत राहिले. 2015 मध्ये त्याचा फेस उडून रस्त्यावर आला. 2017 मध्ये आणि पुन्हा 2018 मध्ये त्या तळ्यावर आग लागल्याची छायाचित्रे जगभर छापली गेली. पुढे गाळ उपसण्याचे काम सुरू झाले. पाण्यातला प्राणवायू संपला की तळाशी जे जीवाणू जगतात ते गंधकाचे संयुग हवेत सोडतात. माणसाचे नाक त्या वासाला हळूहळू सरावते आणि मग त्याला काही जाणवेनासे होते. चांदी सरावत नाही. तिच्यासमोर हवेत जे असेल ते ती आपल्या अंगावर लिहून ठेवते.

तर त्या दिवशी उष्टावणाची वाटी उजळायची होती. बाळाच्या तोंडात जाणारी वस्तू, म्हणून बाजारचे कोणतेही द्रावण मला नको होते. लेकीने अ‍ॅल्युमिनियमची फॉइल आणली. काचेच्या पसरट भांड्यात फॉइल अंथरली, तिच्यावर वाटी, चमचा आणि वाळे असे ठेवले की प्रत्येक वस्तू फॉइलला टेकलेली राहील. वरून मूठभर मीठ आणि तितकाच खाण्याचा सोडा घातला, आणि उकळते पाणी ओतले. क्षणभर काही झाले नाही. मग बारीक बुडबुडे आले आणि नासक्या अंड्याचा तो ओळखीचा वास आला, अगदी पुसट. आईने नाकाला पदर लावला. पाण्याखाली वाटीचा काळा रंग आधी तपकिरी, मग पिवळा होत गेला. जणू जाताना आलेलीच वाट उलटी चालत होता. पाच-सात मिनिटांत वाटी पांढरी झाली आणि फॉइलवर करडे डाग उमटले.

यात कुठे घासणे नाही. अ‍ॅल्युमिनियम हा चांदीपेक्षा कितीतरी अधिक उतावळा धातू. आपले इलेक्ट्रॉन तो सहज देऊन टाकतो. मिठाच्या आणि सोड्याच्या पाण्यातून, आणि जिथे दोन्ही धातू टेकलेले आहेत तिथून ही देवघेव होते. सल्फाइडमध्ये अडकलेल्या चांदीला इलेक्ट्रॉन मिळतात आणि ती पुन्हा धातू होऊन जागच्या जागी बसते. गंधक तिला सोडून जातो. घासण्यात काळ्याबरोबर चांदी जाते. इथे ती परत येते. मोत्यांच्या, खड्यांच्या, लाखेवर बसवलेल्या दागिन्यांना मात्र हा उपाय चालत नाही, आणि मुद्दाम काळ्या केलेल्या नक्षीला तर मुळीच नाही.

“तुझ्या कॉलेजात हेच शिकवायचीस होय?” आईने विचारले. मी हो म्हटले. “मग इतकी वर्षं मला रांगोळीनं का घासू दिलंस?” याला माझ्याकडे उत्तर नव्हते. घरात आईची पद्धत चालते आणि महाविद्यालयात आपली, अशी काहीतरी विभागणी मी नकळत करून टाकली होती.

डबा रिकामा झाला असे वाटले तेव्हा तळाशी आणखी एक पुडी हाताला लागली. वर्तमानपत्राच्या कागदाची, तिच्यावर रबराच्या दोऱ्याचे दोन वेढे. रबर विरघळून कागदाला चिकटले होते; बोट लावताच त्याचे तुकडे पडले. उघडण्यापूर्वीच मला ती पुडी कळली. ती मीच बांधली होती.

मार्च 2004 मध्ये वडील गेले. देह अजून घरात होता. माणसे जमली होती. वडिलांच्या नात्यातल्या एक वयस्कर काकू सगळे हातात घेऊन करीत होत्या, आणि अशा वेळी कुणीतरी हातात घेणारे लागते म्हणून सर्वांना त्यांचा आधारच वाटत होता. आईचे कुंकू पुसले गेले, मंगळसूत्र निघाले, बांगड्या निघाल्या. जोडवी निघेनात. बेचाळीस वर्षे ती बोटांत होती. बोटांनी स्वतःला त्यांच्याभोवती वाढवून घेतले होते. काकू माझ्याकडे वळून म्हणाल्या, “साबण आण गं.” आणि मी उठले, न्हाणीघरात गेले, चंदनाच्या साबणाची वडी पाण्यात बुडवली आणि आणून त्यांच्या हातात दिली. मी चाळीस वर्षांची होते. विद्यार्थिनींना प्रश्न विचारायला शिकवणे हा माझा व्यवसाय होता. आई माझ्याकडे पाहत होती. तिने पाय मागे घेतला नाही. मीही काही बोलले नाही. तो साबण याच शहरात बनतो, घरोघरी असतो. तेव्हापासून आमच्या घरात मी तो आणलेला नाही.

निघालेली जोडवी कुणीतरी माझ्या ओंजळीत टाकली. ती हरवू नयेत म्हणून मी कागदात बांधली आणि पुडी सुटू नये म्हणून तिला रबर लावले. रबर टिकाऊ करण्यासाठी त्यात गंधक मिसळतात हे मी दरवर्षी एका तासाला शिकवीत असे. तरीही मी रबर लावले. त्या दिवशी माझे शिक्षण माझ्या फारसे उपयोगी पडले नाही. साबणाच्या बाबतीतही नाही आणि रबराच्या बाबतीतही नाही.

आता ती जोडवी माझ्या तळहातावर होती. तीन वेढ्यांची, वरच्या बाजूला बारीक रेघांची. डब्यातल्या इतर साऱ्या चांदीपेक्षा काळी. रबर जिथे टेकले होते तिथे धातूत एक खोलगट रेघ पडली होती. आईने हात पुढे केला नाही. “सापडली होय,” इतकेच म्हणाली आणि वाटी पुसायला घेतली.

आईचे माहेर कोल्हापूर जिल्ह्यात, हुपरीजवळच्या एका खेड्यात. हातकणंगले तालुक्यातले हुपरी हे चांदीचे गाव. पैंजण, जोडवी, करदोटे, वाळे तिथे आणि आसपासच्या खेड्यांत घराघरांतून घडवले जातात आणि देशभराच्या बाजारात जातात. बेंगळूरच्या अव्हेन्यू रोडवरच्या, राजा मार्केटमधल्या पेढ्यांतही जातात. आई लहान असताना शेजारच्या बायका ओसरीवर बसून चिमट्याने कड्या जुळवीत, ते पाहत ती मोठी झाली. तिची जोडवी तिथलीच. 1962 मध्ये लग्न होऊन ती मिरजेहून मीटरगेजच्या गाडीने बेंगळूरला आली. कन्नड येत नव्हते. शेजारणीने पहिल्या दिवशी तिच्या पायाकडे पाहून “कालुंगुर?” असे विचारले, तो तिने शिकलेला पहिला कन्नड शब्द. दोघींच्या पायांत एकच वस्तू होती. नाव तेवढे निराळे होते.

त्याच कोल्हापूर जिल्ह्यातले, हातकणंगल्याला लागून असलेल्या शिरोळ तालुक्यातले हेरवाड हे गाव. मे 2022 मध्ये तिथल्या ग्रामपंचायतीने ठराव केला: पतीच्या निधनानंतर स्त्रीचे कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे, पायातली जोडवी काढणे या प्रथा गावात बंद करण्यात येत आहेत. महाराष्ट्र शासनाने त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही या ठरावाचे अनुकरण करण्यास सांगितले. मी ती बातमी आईला वाचून दाखवली होती. हेरवाड म्हणताच तिने मान वर केली. ते नाव तिच्या लहानपणातले होते. बातमी संपेपर्यंत ती गप्प राहिली आणि मग म्हणाली, “चांगलं केलं. पण आधीच काढून ठेवलेल्यांचं काय?”

तो प्रश्न मी तेव्हा थट्टेवारी नेला. नंतर तो मनातून गेला नाही. विधवेला पुनर्विवाहाचा हक्क देणारा कायदा या देशात 1856 मध्ये झाला. पण जोडवी काढावीत असे कोणत्याही कायद्यात कधी लिहिलेले नव्हते. म्हणून ते रद्द करणेही कोणत्या कायद्याला सुचले नसावे. ते काम घरातल्या घरात होते, बायकांच्या हातून होते, आणि त्यासाठी लागणारा साबण घरातलीच एखादी लेक आणून देते. यापुढे काढू नका, हे सांगण्यासाठी एका खेड्याला ठराव करावा लागला. तो त्याने केला, ही लहान गोष्ट नव्हे. मात्र डब्यात, कागदात, कपाटाच्या कोपऱ्यात जी जोडवी आधीच जाऊन बसली आहेत, त्यांच्याविषयी कोणता ठराव काय सांगणार?

दुसऱ्या दिवशी मी ती घेऊन अव्हेन्यू रोडला गेले. घरी करता येण्याजोगे काम दुकानात का नेले, याचे खरे उत्तर एवढेच की आईसमोर ते करण्याचा मला धीर होत नव्हता. दुकानदार भला माणूस होता. भिंग डोळ्याला लावून त्याने रेघ पाहिली. एका द्रावणात बुडवली तर क्षणात पांढरी होतील, पण खड्डा राहील, असे त्याने कन्नडमध्ये सांगितले. त्यापेक्षा मोडीत घाला, घट वजा करून वजनावर नवीन जोड देतो. काट्यावर घातली तर दोन्ही मिळून तोळाभरही भरली नाहीत. बेचाळीस वर्षे चालून चालून तळाची बाजू कागदाइतकी पातळ झाली होती. घासण्याने चांदी जाते हे मला ठाऊक होते. चालण्यानेही ती जाते, याचा मी कधी विचार केला नव्हता. गांधी बझारची भाजी, माझी शाळा, रेशनचे दुकान, वडिलांच्या शेवटच्या आजारपणातले इस्पितळाचे जिने; तो सारा हिशेब त्या पातळ बाजूवर होता. मोड घालायची नाही असे सांगून मी ती परत घेतली.

घरी भिंतीवर आईवडिलांच्या लग्नाचे कृष्णधवल छायाचित्र आहे. आई नऊवारीत, पाय जुळवून उभी. पदराची किनार आणि पायांपाशी दोन बारीक ठिपके. जुन्या पद्धतीच्या छायाचित्रातला काळा रंग हा शाईचा नसतो. कागदावरच्या थरात चांदीचे अतिसूक्ष्म कण असतात. ते इतके बारीक असतात की प्रकाश परतवण्याऐवजी गिळून टाकतात आणि म्हणून काळे दिसतात. वडिलांचा कोट, आईचे केस, मागच्या पडद्याची सावली, सगळी चांदीच. अलीकडे त्या चित्राच्या कडेच्या काळ्या भागावर निळसर रुपेरी चमक आली आहे. आतली चांदी हळूहळू पृष्ठभागावर येऊन बसते आहे. त्या दुपारी चित्राखाली बसून मी फॉइल अंथरली, जोडवी तिला टेकवून ठेवली, मीठ घातले, सोडा घातला, पाणी उकळायला ठेवले. या वेळी मी आईला बोलावले.

एका खेपेत काम झाले नाही. पाणी बदलले, फॉइल बदलली. तीन वेळा केले. वास पहिल्यापेक्षा उग्र आला. शेवटी ती पांढरी झाली, पण ती पांढराई चुनखडीसारखी होती, निर्जीव. परत आलेली चांदी खरखरीत कणांच्या रूपात बसते. तिला तकाकी नसते. रबराची रेघ फिकी झाली, गेली नाही. आईने ती हातात घेतली. वीस वर्षांत प्रथमच. उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, “ही माझी नव्हेत. अ‍ॅल्युमिनियमची वाटतात.”

मी काही बोलणार तोच तिने तबक मागितले. पदराच्या टोकाने बोट गुंडाळून त्यावर चिमूटभर विभूती घेतली आणि जोडव्यावर फिरवू लागली. जोर नव्हता त्यात. रेघेरेघेतून, वेढ्यावेढ्यातून तिचे बोट जात होते. रेघांमधला काळेपणा सगळा गेला नव्हता. तो तिने मुद्दाम राहू दिला. अर्धा तास गेला असेल. बाहेर शेंगावाल्यांचा आवाज चालू होता. विज्ञानाने जे परत आणले होते त्याला आपल्या बोटाने ती ओळख देत होती, आणि मी समोर बसून फक्त तबक धरले होते. जोडवी खिडकीकडे धरून तिने पाहिली. आता ती चांदीची दिसत होती.

“घालून बघतेस?” मी विचारले. विचारायला मला वीस वर्षे लागली होती. तिने पाय थोडा पुढे केला आणि आम्ही दोघींनी त्या पायाकडे पाहिले. संधिवाताने बोटे एकमेकांवर चढली आहेत. दुसरे बोट पहिल्याखाली वळले आहे. त्यात कोणतेही जोडवे जाणे शक्य नव्हते. ती हसली. “आता बोटांनाच नको,” म्हणाली. मग थोड्या वेळाने, “काढली त्या दिवशी मला राग तुझा नव्हता आला. पण तू साबण शोधायला फार वेळ लावला नाहीस.” एवढे बोलून ती पुन्हा पुसू लागली. तिच्या स्वरात तक्रार नव्हती. मला तक्रार चालली असती.

उष्टावण झाले. बाळाने चांदीच्या वाटीतली खीर खाल्ली आणि चमचा जमिनीवर आपटून त्याला पहिला पोचा पाडला. पाहुणे गेल्यावर मी वाटी, चमचा आणि वाळे कोरडे करून सुती कापडात गुंडाळले, ओलावा शोषून घ्यावा म्हणून खडूचा तुकडा घातला, आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवले. जोडवी हातात घेऊन मी घुटमळले. आई खुर्चीवरून म्हणाली, “ती डब्यात नको.”

तेव्हापासून ती देवघरात, निरांजनाशेजारच्या लहान वाटीत असतात. रोज सकाळी उपकरण्यांबरोबर ती पुसली जातात, म्हणून काळी पडत नाहीत. तबकात बाकीचे घासताना ती हरवू नयेत यासाठी आईने एक सोय काढली आहे. तिचे हात आता इतके वाळले आहेत की जोडवी करंगळीत सैल बसतात; दोन्ही करंगळ्यांत एकेक घालून ती निरांजन पुसते, करंडा पुसते, पळी पुसते. पूजा आटोपली की ती उतरवून वाटीत ठेवते. स्वतःच्या हाताने; साबण लागत नाही.